पोळ्याच्या रंगातलं हेल्मेट

आमच्या घरात कुठलीही वस्तू रंगवायची असली की आधी मला विचारतात. दार, पिंप, लोखंडी कपाट, सायकलचं चेनकव्हर, काहीही असो. मी तीनच गोष्टी विचारते. वस्तू कशाची आहे, तिच्या आत काय आहे, आणि ती ऐन वेळी मोडली तर लागेल कोणाला? शेवटच्या प्रश्नाला ‘कोणालाच नाही’ असं उत्तर आलं की खुशाल ब्रश बुडवा म्हणते. ही पद्धत पडली ती एका हेल्मेटपायी.

तेव्हा आम्ही चिखलीच्या टोकाला राहत होतो. मागचं दार उघडलं की गोठा, आणि गोठ्याच्या पलीकडे आमचं शेत. मी पंचायत समितीत कारकून होते. माझा नवरा मेहकर रस्त्यालगतच्या एका खेड्यात शिक्षक होता. सगळी पंचक्रोशी त्यांना गुरुजी म्हणायची, म्हणून इथं मीही गुरुजीच म्हणते. शेत आणि बैल माझे सासरे बघायचे. त्यांना मी मामाजी म्हणत असे.

गुरुजी शाळेत सायकलनं जायचे. एसटी होती, पण ती शाळा भरल्यावर पोचायची आणि परत यायची तेव्हा दिवेलागण झालेली असायची. सायकलला वेळेचं बंधन नव्हतं. खेड्याच्या अलीकडे नाल्यावर रपटा होता, पुराचं पाणी वरून वाहून जाईल असा ठेंगणा पूल. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरायचं. एका श्रावणात गुरुजींची सायकल तिथं घसरली आणि डोकं दगडावर आपटलं. मामाजी त्या बाजूच्या मळ्यातून बैलगाडी घेऊन परत येत होते. त्यांना आपला मुलगा रपट्यावर आडवा पडलेला दिसला. त्यांनी त्याला गाडीत घातलं आणि दवाखान्यापर्यंत आणलं. त्या दिवशी बैल जसे पळाले तसे कधी पळाले नव्हते, असं ते पुढं कितीदा तरी सांगायचे. गुरुजी संध्याकाळी शुद्धीवर आले. डॉक्टर म्हणाले, ‘‘यावेळी निभावलं. याच जागी पुन्हा मार बसला तर मी काही सांगू शकत नाही.’’

डॉक्टरांचं ते वाक्य मी मनात पक्कं केलं आणि कामाला लागले. मोपेड घेण्याची ऐपत नव्हती. बदली मिळत नव्हती. सायकल सोडायला गुरुजी तयार नव्हते. उरलं डोकं. माझा भाऊ पुण्याला एका कारखान्यात होता आणि कंपनीनं त्याला प्रशिक्षणासाठी जर्मनीला पाठवलं होतं. तिकडे सायकलवाले हेल्मेट घालतात असं त्यानं पूर्वी गमतीनं लिहिलं होतं. मी त्याला लिहिलं की चॉकलेट नको, सेंट नको, हेल्मेट आण. सोबत दोऱ्यानं घेतलेलं गुरुजींच्या डोक्याचं माप पाठवलं.

ते आलं तेव्हा सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. पांढरंशुभ्र, वरून टणक, आतून थर्माकोल, थर्माकोलवर स्पंजाचे तुकडे चिकटवलेले. वर हवेसाठी लांबट फटी. वजन म्हणावं तर काहीच नाही. मामाजींनी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘येच्यात दम हाय?’’

‘‘हाय म्हणतात,’’ मी म्हटलं.

त्या काळी चिखलीत मोटारसायकलवालाही हेल्मेट घालत नव्हता. सायकलवर घालणारे गुरुजी पहिले. पहिल्याच दिवशी शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांनी फाटकातच स्वागत केलं, ‘‘काय बे, चंद्रावर चालला काय?’’ पोरांनी तर ‘गुरुजीच्या डोक्यावर कोहळं’ असं गाणंच बांधलं. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी हेल्मेट घालून निघायचे आणि गल्लीच्या वळणावर गेले की काढून हॅंडलला अडकवायचे. मला हे कोणी सांगितलं नाही. भर उन्हाळ्यात महिनाभर वापरलेल्या हेल्मेटच्या स्पंजाला घामाचा वास नव्हता, त्यावरून मी काय ते ओळखलं.

विचारलं तर म्हणाले, ‘‘अवो, हॅंडलले असते ना सोबत.’’

‘‘पडाल तेव्हा हॅंडलवर पडणार आहात का?’’

त्यावर ते पेपर तपासायला बसले. मी रोज टोकलं, आमच्या शाळकरी मुलीकडून टोकवलं, डॉक्टरांच्या नावानं धाक घातला. काही उपयोग झाला नाही. पुन्हा पावसाळा आला, रपटा पुन्हा हिरवा झाला, आणि मी कचेरीत बसून शाळा सुटायच्या वेळेला घड्याळाकडे बघू लागले.

मग पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशीपासून अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. बैलांना नाल्यावर नेऊन धुवायचं, खांद्यांना हळद आणि लोणी चोळायचं, शिंगं काचेच्या तुकड्यानं खरवडून साफ करायची, मग रंग. मामाजींच्या बैलांची शिंगं हिरवी, त्यावर लाल पट्टे आणि टोकाला पिवळा. या क्रमात कधी बदल नाही. रंग उरला की तो वाया घालवायचा नाही, हीसुद्धा रीतच. वखराचं जू, गाडीची धुरी, गोठ्याची चौकट, विहिरीचा रहाट, ज्यानं ज्यानं वर्षभर घरासाठी राबायचं त्याला त्या दिवशी रंगाचं बोट लागायचं.

त्या पोळ्याला मला सुट्टी असूनही कचेरीत बोलावणं आलं होतं. दुपारी परत आले तर बैल सजून उभे होते, आणि त्यांच्या शेजारी खुंटीवर हेल्मेट वाळत होतं. हिरवं, त्यावर लाल पट्टे आणि पुढच्या टोकाला पिवळा. पट्टे इतके सरळ होते की मामाजींनी सुतळी लावून आखले असणार.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, ‘‘सूनबाई, रागवू नको. पांढरं पाहून पोट्टे हासत होते त्याले. आता कोन हासते पाहू. आन् मागच्या साली ज्या बैलायनं त्याले आनलं, त्यायचाच रंग हाय हा.’’

मी एवढंच म्हटलं, ‘‘रंग चांगला बसला की.’’

‘‘डब्यातला घट्ट झालता. शेजारच्या लुनातून पेट्रोल काढलं, त्याच्यात पातळ केला. आंधी पेट्रोलचं फडकं मारलं, मग दोन हात दिले.’’

गुरुजी आंघोळ करून बाहेर आले. त्यांनी हेल्मेट पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. ओल्या रंगाची पर्वा न करता ते डोक्यावर ठेवलं आणि बैलांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मामाजी पोट धरून हसले. मीही हसले. गुरुजींच्या कानाला हिरवा डाग लागला होता, तो दोन दिवस निघाला नाही.

आणि खरंच, त्यानंतर ते हेल्मेट डोक्यावरून उतरलं नाही. गल्लीच्या वळणापुढेही नाही. गावातल्या लोकांना पांढरं कोहळं कळत नव्हतं, पण पोळ्याचा रंग कळत होता. सहकारी शिक्षक विचारायचे, ‘‘मास्तर, जू कुठी ठेवलं?’’ गुरुजी म्हणायचे, ‘‘घरी हाय, बायकोच्या हाती.’’ असली थट्टा त्यांना सोसत होती, किंबहुना आवडतच होती. स्पंजाला घामाचा वास येऊ लागला. माझं घड्याळाकडे बघणं थांबलं.

एक-दोनदा ते म्हणाले, ‘‘पेट्रोलचा वास येते थोडा.’’ आणि एकदा म्हणाले, ‘‘आता बरं बसते डोक्यावर. आंधी करकचून होतं, आता सैल झालं.’’

वापरून सैल झालं असेल, चपलेसारखं, असं मी समजले.

पोळ्यानंतर लगेच गणपती. त्या वर्षी मुलीच्या हट्टानं आम्ही पहिल्यांदा थर्माकोलचं मखर करायचं ठरवलं. तोवर आमच्याकडे पाट आणि केळीचे खुंट असायचे. चिखलीच्या बाजारातून थर्माकोलचे ताव आणले, खांब कापले, कमान कापली. पांढरं मखर डोळ्यांना फिकं वाटलं. मामाजी म्हणाले, पोळ्याचा हिरवा डब्यात उरला आहे, तो लाव. मी चटईवर वर्तमानपत्र पसरलं आणि कमानीवर ब्रश फिरवला.

आधी नुसती बारीक चरचर ऐकू आली. मग रंगाखालची कमान खचू लागली. पाण्यात बत्तासा टाकावा तशी ती आत बसत गेली, तिला खड्डे पडले, खड्ड्यांची भोकं झाली आणि भोकांतून खालचं वर्तमानपत्र दिसायला लागलं. मुलगी ओरडली, ‘‘आई, खाऊन राह्यलं ते!’’ ब्रश तसाच हातात धरून मी बघत राहिले. मखराचं दुःख मला झालं नाही. गुरुजींच्या डोक्यात आणि दगडात जे मधे असणार होतं, तेही हेच पांढरं थर्माकोल होतं.

गुरुजी त्या दिवशी घरीच होते. मी खुंटीवरचं हेल्मेट काढलं आणि उंबऱ्यावर उजेडात बसले. वरून काहीच दिसत नव्हतं. हिरवा रंग चकचकीत, पट्टे सरळ. मी उलटं केलं. आतही स्पंजाच्या तुकड्यांमुळे सगळं झाकलेलं होतं. एक स्पंज हळूच सोडवला. वरच्या फटीतून रंगाचा ओघळ आत आला होता आणि जिथं जिथं तो पोचला होता तिथं थर्माकोल नव्हतंच. पिवळट कड्यांचे खळगे होते. अंगठा ठेवला तर तो आत गेला. दुसरा स्पंज काढला, तिथंही तेच. सैल का झालं ते आता कळलं.

मी गुरुजींना हाक मारली आणि त्यांचा अंगठा धरून त्या खळग्यात ठेवला. ते म्हणाले, ‘‘यात कापूस भरून घेऊ. नाहीतर जुना रुमाल.’’

‘‘कापूस दबतो. दगड थांबवत नाही.’’

‘‘मंग बाकीचं तर चांगलं हाय ना?’’

‘‘बाकीचं चांगलं आहे हे कशावरून? वरच्या कवचालाही पेट्रोल चोळलंय. ते आतून तडकलं असेल तर ते आपल्याला दिसणार आहे का?’’

त्यांनी आवाज खाली आणला. ‘‘बाबाले काय सांगू? म्हाताऱ्यानं सुतळी लावून पट्टे ओढले. मी उद्या तसाच बोडखा निघालो तर त्याले काय वाटन?’’

‘‘आणि तुम्ही हे घालून पडलात तर त्यांना काय वाटेल?’’

आम्ही हळू बोलत होतो, पण आमचं घर हळू बोलण्याइतकं मोठं नव्हतं. मामाजी गोठ्यातून आले आणि दारात उभे राहिले. ‘‘काय झालं? काऊन कुजबुजून राह्यले?’’

मी त्यांना काही समजावायला गेले नाही. उरलेल्या थर्माकोलचा एक तुकडा त्यांच्या हातात दिला आणि डबा पुढं केला. ‘‘मामाजी, याच्यावर एक बोट लावून बघा.’’

त्यांनी बोट बुडवलं आणि तुकड्यावर टेकवलं. तुकड्याला भोक पडलं आणि त्यांचं हिरवं बोट दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं. मग मी हेल्मेट उलटं करून त्यांच्यासमोर धरलं.

‘‘येच्यातबी हेच हाय?’’

‘‘हो.’’

त्यांनी आत हात घालून चाचपलं. बैलाच्या खांद्याला आवाळू आलंय का हे बघताना ते असाच हात फिरवायचे, सावकाश, डोळे मिटून. मग त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं आणि मुलाला म्हणाले, ‘‘इतके दिवस हे घालून रपट्यावरून गेला तू?’’

‘‘काही झालं नाही ना बाबा.’’

‘‘झालं असतं तर?’’ मग माझ्याकडे वळून, जरा चढ्या आवाजात, ‘‘आन् तू एवढी हुशार, तुले नाई कळलं?’’

‘‘मला शिंगांचंच माहीत होतं, मामाजी. शिंगाच्या आत थर्माकोल नसतं.’’

त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. गणपती त्या वर्षी केळीच्या खुंटांतच बसले, आणि एकूण बरेच शोभले.

मी भावाला सविस्तर पत्र लिहिलं. काय रंग, कशात पातळ केला, कुठं ओघळला, आत काय दिसतं, आणि आता दुरुस्त होतं का. तो तोवर पुण्याला परतला होता. त्याचं उत्तर आलं ते कडक होतं. फेकून दे, दुरुस्ती नाही. आतलं थर्माकोल मार बसला की स्वतः चुरडतं आणि डोकं वाचवतं, ते विरघळलं तर उरते ती नुसती टोपी. वरचं कवचही पेट्रोलनं, थिनरनं, रॉकेलनं ठिसूळ होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. एखादा रंग त्याला चालतही असेल, पण कुठला चालतो ते बनवणाऱ्यालाच माहीत, आणि ज्याची खात्री नाही तो डोक्यावर कशाला? कारखान्यातला एक जण पुन्हा जर्मनीला जाणार आहे, त्याला सांगतो, तोवर धीर धरा.

तोवर गुरुजी एसटीनं गेले. उशिरा पोचायचे, मुख्याध्यापकांची बोलणी खायचे, अंधार पडल्यावर घरी यायचे आणि जेवताना एसटीला नावं ठेवायचे. मामाजी एकदा म्हणाले, ‘‘पाय बरं, एसटीले छप्पर हाय ना? मंग खा गुमान.’’

जुनं हेल्मेट फेकायला मात्र मामाजी तयार होईनात. ज्वारी निसवून कणसं धरली तेव्हा त्यांनी ते शेतातल्या बुजगावण्याला घातलं. हिरवं डोकं, लाल पट्टे, पिवळं टोक. पाखरं त्याला भीत होती की नाही कोण जाणे, पण रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायची. ते मोडलं तर लागणार कोणालाच नव्हतं.

संक्रांतीच्या आधी नवं हेल्मेट आलं. पुन्हा पांढरंच. गुरुजींनी ते हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा पडला. हे पुन्हा हॅंडलला लटकणार, हे मला तिथंच कळलं. मी म्हटलं, रंग नाही, काहीही झालं तरी नाही. दुसरं काय करता येईल ते बोला.

मामाजी गोठ्याकडे बघत म्हणाले, ‘‘बैलाले रंगवतोच असं नाई. झूलबी घालतो.’’

मला ते ऐकताक्षणी पटलं, पण मी आधी अटी घातल्या. फटी झाकायच्या नाहीत. डिंक, सरस, टाचणी काही नाही. कापड एकेरी, आत अस्तर भरायचं नाही, नाहीतर डोक्यावर बसणार नाही. आणि आरसे नकोत.

‘‘आरशाबिगर झूल?’’ मामाजी म्हणाले.

‘‘पडल्यावर काच डोक्यात जायला नको.’’

‘‘हाव,’’ ते लगेच म्हणाले, आणि त्यावर वाद घातला नाही.

आमच्या बैलांच्या झुली बाजारातले एक म्हातारे मुसलमान शिंपी शिवायचे, त्यांना सगळे चाचा म्हणत. मामाजींनी हेल्मेट टॉवेलात गुंडाळून नेलं, मी मागोमाग गेले. चाचांनी टॉवेल उघडला, हेल्मेट फिरवून पाहिलं आणि चष्म्यावरून मामाजींकडे बघितलं.

‘‘बाबाजी, ये कौनसा बैल है? सींगच नाही याले.’’

‘‘शिंगं घरी हायत,’’ मामाजी म्हणाले. ‘‘हा शाळेत जाते.’’

चाचा इतके हसले की मशीनवरचा कपडा घसरला. मग माझ्या अटी त्यांनी गंभीरपणे ऐकल्या, फटींच्या जागा खडूनं आपल्या कागदावर काढून घेतल्या, हेल्मेटवर एक रेघ उमटू दिली नाही. कापड हिरवं, त्यावर लाल पट्ट्या शिवलेल्या, पुढं पिवळी किनार. कडेला इलॅस्टिक, वाऱ्यानं उडू नये म्हणून. गोंडा हवा का असं त्यांनी विचारलं तेव्हा मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. लोकरीचा गोंडा मऊ असतो. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी सायकलवर बसले, झूल घातलेलं हेल्मेट डोक्यावर, मागे गोंडा हलतोय. मी दारात उभी राहून गल्लीच्या वळणापर्यंत बघितलं. वळणावर त्यांचा हात डोक्याकडे गेला. त्यांनी गोंडा सारखा केला आणि पुढं निघून गेले.

पुढच्या पोळ्याला पुन्हा अंगणात रंगाचे डबे मांडले होते. बैलांची शिंगं झाली, जू झालं, चौकट झाली. मामाजी ब्रश घेऊन खुंटीजवळ उभे दिसले. मी आत पुरणाचं बघत होते, ते तसंच सोडून बाहेर आले. त्यांनी झूल काढून, धुऊन दोरीवर वाळत टाकली होती, आणि पांढरं हेल्मेट उघडं लटकत होतं. ब्रशला हिरवा रंग भरलेला होता.

‘‘मामाजी!’’

‘‘वरडू नको. हात लावून नाई राह्यलो.’’ त्यांनी ब्रश खाली केला आणि खुंटीभोवतीच्या भिंतीवर, हेल्मेटपासून चांगल्या वितीच्या अंतरावर, एक हिरवी गोल कड काढली. मग तिच्या बाहेर लाल. मग वर पिवळा ठिपका. हेल्मेट त्या चौकटीत देवळीतल्या मूर्तीसारखं दिसू लागलं. ‘‘भिंतीच्या आत तर थर्माकोल नाई ना?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘भिंत खुशाल रंगवा.’’

संध्याकाळी बैल मिरवायला निघाले, त्यांच्यामागे गुरुजी सायकल हातानं ढकलत, डोक्यावर वाळलेली झूल, गोंड्याला मामाजींनी बेगडाचा एक बारीक तुकडा बांधलेला. मी तो चिमटीत धरून पाहिला. कागदासारखा मऊ होता. राहू दिला.